लोहमाळेसाठी कोकण: भाऊच्या धक्क्यापासून रेडीपर्यंत सहा दिवस

परग्रहावरची औद्योगिक बेटं कथेत किंवा खेळात उभी करायची झाली की बहुतेक जण धुराड्यांपासून सुरुवात करतात. बेट काढलं, त्यावर भट्टी ठेवली, शेजारच्या बेटावर खाण, मध्ये दोन जहाजं. पण कच्चा माल जहाजातून उतरला कसा, भट्टीला गोडं पाणी आलं कुठून आणि वादळाच्या तीन महिन्यांत काम चाललं कसं, हे कागदावर कुठेच नसतं. ते बघायला कोकणाइतकी सोयीची जागा नाही. म्हणून हा सहा दिवसांचा मार्ग. आपल्या कल्पित बेटांना इथे 'लोहमाळ' म्हणू. ग्रहाला नाव नंतर देता येईल.

निघावं ते मार्गशीर्ष किंवा पौषाच्या पौर्णिमेला, म्हणजे उधाणाचं पाणी बघायला मिळतं. भरतीच्या वेळेसाठी जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, पण दिवसाचा बेत आखायला एवढं बास. लोहमाळेच्या ग्रहाला दोन चंद्र दिलेत तर असा एका ओळीचा हिशोब तिथे चालणार नाही. दोन उधाणं कधी एकत्र येतील, कधी एकमेकांना मारतील. चंद्र निम्म्या अंतरावर आणला तर भरती आणणारा ओढा आठपट होतो, हे विसरून कोणी धक्का बांधला तर तो दिवसातून दोनदा बुडणार.

पहिला दिवस (पौर्णिमा): मुंबई बंदर

सकाळी गेटवेवरून घारापुरीची लाँच धरावी. तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, पण आपल्याला लेण्यांपेक्षा वाटेतलं पाणी महत्त्वाचं. उजवी-डावी न बघता पुढे बसलं तर एकाच नजरेत तेलाचं बेट, घारापुरी आणि पलीकडचं कंटेनर बंदर अशा तीन निरनिराळ्या जागा दिसतात.

जवाहर द्वीप, जुन्या लोकांचं बुचर आयलंड, हे तेलाचं बेट. तिथे कोणालाही उतरू देत नाहीत, आणि फोटोच्या भानगडीत पडू नये. टँकर बेटाच्या धक्क्याला लागतो, तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जातं. बेटावर तेल शुद्ध होत नाही, त्याचा फक्त हात बदलतो. खोल पाणी बेटापाशी, जागा आणि माणसं किनाऱ्यावर, आणि दोन्हींमध्ये नळ. लोहमाळेचं पहिलं बेट असंच असावं. ६ ऑक्टोबर २०१७ ला इथल्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग विझायला तीन दिवस लागले. अशा आगीत जळत्या टाकीइतकीच काळजी शेजारच्या टाक्यांची असते. त्यांच्यावर सतत पाणी मारत राहावं लागतं, आणि बेटावर त्यासाठी समुद्राचं पाणी ओढणारे पंप आगीच्या वाऱ्याखाली येणार नाहीत अशा बाजूला हवेत. नकाशात टाक्या ओळीने चिकटवण्याआधी प्रत्येकीभोवती बांध काढावा. टाकी फुटली तर तिच्यातलं सगळं तेल त्या बांधाच्या आत मावलं पाहिजे.

घारापुरीला २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर. मुंबईचे दिवे समोर दिसताहेत आणि बेट अंधारात, ही स्थिती स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं टिकली. विज्ञानकथेत बेटाबेटांना वीज फुकट मिळते, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

पलीकडे न्हावाशेवा, १९८९ पासूनचं कंटेनर बंदर. आणि दिसत नाही पण ज्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही ते मुंबई हाय, समुद्रातलं तेलक्षेत्र, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटर खोल पाण्यात. १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. लोहमाळेच्या सर्वात जवळ जाणारी खरी वस्तू हीच: पोलादी बेटं, त्यांच्यात पूल, तळातून नळ, आणि उरणला सगळं किनाऱ्यावर येतं. २७ जुलै २००५ ला इथलं एक बेट दोनेक तासांत नष्ट झालं, २२ माणसं गेली. जखमी माणसाला जहाजावरून फलाटावर पोचवायचं होतं. पावसाळी लाटेत जहाज हेलकावलं आणि बाहेरच्या बाजूने वर येणाऱ्या वायूच्या नळाला लागलं. खणताना नाही, उपसताना नाही, हात बदलताना घात झाला. जहाज लागण्याची बाजू आणि नळ चढण्याची बाजू एक ठेवायची नाही, हा नियम नकाशाच्या कोपऱ्यात आजच लिहून ठेवावा.

दुपारी परत. गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, घ्यावी, तासाभरात अलिबागच्या रस्त्याला लागता येतं.

दुसरा दिवस (प्रतिपदा): अलिबाग, धरमतर

प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमाराला. कुलाबा किल्ल्यात चालत जायला हीच वेळ. गंमत अशी की आपल्या किनाऱ्यावर सर्वात खोल ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळी येते. दुपारी बारा वाजता ओहोटी असते ती अष्टमीच्या आसपास, भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, आणि तेव्हा पाणी पुरतं हटत नाही. पर्यटक नेमके दुपारी येतात आणि गुडघाभर पाण्यात अडकतात. भरती-ओहोटीवर पाळ्या लावलेल्या बेटावर कामगारांचे भोंगे कधी वाजतात ते अशा बारकाव्यावर ठरतं.

गावातली चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी बघावी. हे काम आधी मुंबईत कुलाब्याला चालत होतं. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापं बिघडणार हे उघड होतं. मग १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, चुंबकाला दाद न देणाऱ्या पोरबंदरी दगडाची, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळला. लोहमाळेत अॅल्युमिनियमची भट्टी ठेवणार असाल तर तिच्यातून लाखो अँपिअर वाहणार. तीन लाख अँपिअरची एकटी सरळ तार, परतीची वाट शेजारून नसेल तर, एक किलोमीटरवर साधारण पृथ्वीच्या क्षेत्राएवढं क्षेत्र तयार करते. होकायंत्रावर चालणारी जहाजं त्या बेटाजवळ वाट चुकतील. यावर उतारा म्हणजे परतीची तार खेटून न्यायची आणि वेधशाळेला स्वतंत्र, दूरचं, भट्टी नसलेलं बेट द्यायचं.

मग पेणच्या रस्त्याने धरमतरच्या पुलावर. इथे थांबून अंबा नदीच्या खाडीत येणारी बार्जं, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौका, मोजावीत. डोलवीच्या पोलाद कारखान्याचं लोहखनिज आणि कोळसा मोठ्या जहाजांतून जयगडच्या खोल पाण्यात येतो, तिथे बार्जमध्ये पडतो, आणि बार्ज किनाऱ्याकिनाऱ्याने या उथळ खाडीत शिरतात. खोल पाणी एकीकडे, कारखाना शेकडो किलोमीटर दूर. जयगड आपण चौथ्या दिवशी बघू, पण हिशोब इथेच मांडलेला बरा.

झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलादाला साधारण १.३७ टन लोहखनिज, ०.७८ टन कोळसा आणि ०.२७ टन चुनखडी लागते. वर्षाला दहा लाख टनांच्या कारखान्याला २४ लाख टनांवर माल आला, दिवसाला ६,६०० टन. ग्रहावर शंभर दिवस समुद्र बंद राहणार असेल तर साडेसहा लाख टन माल आधी साठवायचा. त्यातला कोळसा एकटा दोन लाख टनांच्या वर, म्हणजे पावणेतीन लाख घनमीटर. सहा मीटर सरासरी उंचीचा ढीग धरला तरी साडेचार हेक्टर जागा गेली, वाटा सोडून. आणि कोळसा नुसता पडून राहिला तरी आतून तापतो, पेट घेतो. तो थराथराने दाबावा लागतो, आधी आलेला आधी वापरावा लागतो, ढिगात वाफ दिसली की खणून पसरावा लागतो. ढिगावर नुसतं पाणी मारलं तर वरचा थर विझतो आणि आतलं धुमसत राहतं. बेट जेवढं भट्टीसाठी लागतं त्याहून मोठं या ढिगांसाठी लागतं. बहुतेक नकाशे इथेच फसतात.

उरलेली मिठागरं उरण-पेण पट्ट्यात दिसतात. समुद्राच्या एक टन पाण्यात साधारण ३५ किलो क्षार, त्यात मीठ २७ किलो. पाणी बोमे मापावर, म्हणजे खाऱ्या पाण्याचा दाटपणा मोजायच्या मापावर, तीनसाडेतीन अंशांनी आत येतं. वाफ्यांतून फिरता फिरता तेराच्या पुढे जिप्सम बसायला लागतं, पंचविसाला मीठ धरतं. एकोणतीस-तिसाच्या पुढे जाऊ दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात, मीठ कडवट आणि ओलसर होतं. म्हणून त्याआधीच कडू पाणी काढून टाकतात. लोहमाळेत हे कडू पाणी फेकायचं नाही, मॅग्नेशियम तिथूनच मिळणार. अवकाळी पाऊस आला की सगळं मुसळ केरात: पंचवीस अंशांचं पाणी पुन्हा दहावर.

तिसरा दिवस (द्वितीया): मुरूड ते हर्णै

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात. तोफांबद्दल सगळेच सांगतात. आपण सरळ गोड्या पाण्याच्या तळ्यांकडे जावं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, याला चमत्कार म्हणायची गरज नाही. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. सच्छिद्र जमिनीत समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असतं. म्हणूनच विहिरीचा उपसा जपून करायचा. वरचा एक मीटर खाली आणलात की खालून चाळीस मीटर खारं वर सरकतं, आणि एकदा खारी झालेली विहीर एका पावसात सुधारत नाही. या नियमाला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नाही, फक्त दोन पाण्यांच्या घनतेशी. परग्रहावरही तो जसाच्या तसा वापरता येतो.

जंजिरा २२ एकरांचा, पाऊस वर्षाला तीन मीटर. सगळा झेलला तर दोन लाख ६७ हजार घनमीटर. दहावा हिस्सा हाती लागला, माणशी रोज पन्नास लिटर धरले, तर चौदाशे माणसं वर्षभर राहू शकतात. शिबंदीला पुरे. पण टन पोलादामागे पाणी फिरवून वापरूनही तीन-चार घनमीटर लागतं, म्हणजे दहा लाख टनांना तीस-चाळीस लाख घनमीटर. तळं कामाचं नाही, समुद्राचं पाणी गोडं करावं लागणार. घनमीटरला साडेतीन युनिट धरले तर सगळी वीज जेमतेम दीड मेगावॉट निघते. भट्टीपुढे ती काहीच नाही. खरी अडचण उरलेल्या दाट खाऱ्या पाण्याची. ते ओढनळीच्या वरच्या बाजूला सोडलं तर तेच पुन्हा आत येतं. ते कालच्या मिठागरांकडे वळवावं.

समोर पद्मदुर्ग. लाटांनी तटाचे दगड झिजलेत आणि चुन्याचे सांधे मात्र जाळीसारखे उभे आहेत. खारं पाणी दगडात शिरतं, सुकताना क्षार फुगतो आणि दगड आतून सुटतो. लोखंडाच्या सळ्या घातलेल्या काँक्रीटला तर हे आणखी लवकर भोवतं.

उरलेला दिवस फेरीबोटींचा: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर महाडवरून वळसा.

चौथा दिवस (तृतीया): हर्णै, दाभोळ, जयगड

हर्णैला पहाटे लिलावाला हजर राहावं. इथे मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगरून राहतात. मासळी छोट्या होडीत उतरते, छोट्या होडीतून बैलगाडीत, बैलगाडी उथळ पाण्यातून वाळूवर. तीनदा हात बदलतो आणि दर वेळी बर्फ वितळतो. किलोभर मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला हिशोबाने ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. प्रत्यक्षात बरोबरीने बर्फ घेतात, कारण बाकीचा सगळा हवेपायी, खोक्यापायी आणि हाताळणीपायी जातो. वाळूतली ती बैलगाडी बघून कोणी मागासलेपण म्हणेल. पण दिवसातून दोनदा सरकणाऱ्या किनाऱ्यावर बैलगाडीइतकं स्वस्त आणि सरकतं धक्क्याचं साधन दुसरं दाखवा.

दाभोळहून फेरीबोटीने धोपावे, तिथून अंजनवेल. दीपगृहाच्या टेकाडावरून वीज प्रकल्प आणि द्रवरूप वायूचा धक्का दिसतो. प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. पुढे दुसऱ्या व्यवस्थेखाली पुन्हा सुरू झाला. त्याचं राजकारण सर्वांना ठाऊक आहे. आपल्याला बघायचाय तो लाटा अडवणारा बांध. वायू उणे १६२ अंशांवर द्रवरूप होतो आणि सहाशेपट आकसतो, म्हणून जहाजातून आणणं परवडतं. उतरवताना मात्र जहाज तासन्तास जवळजवळ स्थिर लागतं, कारण जोडनळ्यांना हलायची मुभा थोडीच असते. बांध अपुरा असल्याने इथे बरीच वर्षं पावसाळ्यात वायूची जहाजं घेता येत नव्हती. टाक्या तयार, यंत्रं तयार, आणि चार महिने धक्का रिकामा.

हलक्या ग्रहावर हे दुखणं वाढतं. जहाज किती बुडेल ते गुरुत्वाकर्षणावर ठरत नाही. पाणीही हलकं, जहाजही हलकं, बुड तेवढंच. पण लाट वेगळी. तेवढ्याच वाऱ्याने, हवा तेवढीच दाट असेल तर, निम्म्या गुरुत्वाच्या ग्रहावर पुरी वाढलेली लाट दुप्पट उंच होते. बांधाच्या दगडाचं वस्तुमान लाटेच्या उंचीच्या घनात वाढतं, म्हणजे इथे पाच टनांचा दगड टिकतो तिथे चाळीस टनांचा लागणार. हलका ग्रह म्हणजे स्वस्त बांधकाम, असं धरून चालणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून बघावा.

संध्याकाळी तवसाळहून जयगड. खाडीच्या तोंडाशी खोल पाणी, बंदर, आणि त्याला लागून आयात कोळशावरचा १,२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प. धरमतरला जाणारी बार्जं भरतात ती इथे. दोन दिवसांपूर्वीचं कोडं इथे सुटतं: मोठ्या जहाजाला दूरच्या उथळ खाडीत नेण्यापेक्षा खाडीला जहाजाकडे आणणं स्वस्त. मुक्काम मालगुंडला.

पाचवा दिवस (चतुर्थी): काळी वाळू आणि मिऱ्या

रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर वाळूत काळे पट्टे दिसतात. इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला तर त्याला चिकटतो तो मॅग्नेटाइट. इल्मेनाइट उचलायला चांगला जोरदार चुंबक लागतो. पट्टे लाटेने आपोआप तयार होतात: साध्या वाळूची घनता २.६५, इल्मेनाइटची ४.७, त्यामुळे परतणारं पाणी हलकं घेऊन जातं आणि जड मागे ठेवतं. कारखान्यात हेच काम मळसूत्री पन्हाळीत करतात, मग चुंबक, मग स्थिर वीज. लोहमाळेला खाण हवीच असेल तर डोंगर फोडण्याआधी असा किनारा द्या, निम्मी निवड समुद्राने करून ठेवलेली असते. मात्र किनारा उपसला की मागच्या वस्तीत समुद्र शिरतो.

मिऱ्याला जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे जहाज भरकटून बंधाऱ्याला लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं. नांगराचं वजन सगळं काम करत नाही. साखळी तळावर आडवी पसरली तर नांगर रुततो. शांत हवेत खोलीच्या पाचपट साखळी सोडतात, वादळात त्याहून बरीच जास्त. साखळी आखूड पडली की लाटेबरोबर नांगर उचलला जातो आणि मग तो तळावरून घसरत नुसता सोबतीला येतो.

मिरकरवाड्याला बर्फ आणि डिझेल भरणाऱ्या होड्या बघून विजयदुर्ग गाठावा.

सहावा दिवस (पंचमी): गिर्ये, मालवण, रेडी

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे वाघोटण खाडीच्या काठी मराठा आरमाराची गोदी आहे, सुमारे १०९ मीटर लांब, खडक कापून आणि बांध घालून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी जाऊ द्यायचं. पंप नाही, इंजिन नाही. मात्र ही गोदी चालते ती भरती-ओहोटीत पुरेसा फरक असेल तरच. मुंबईला उधाणात साडेचार-पाच मीटरांचा फरक, मालवणला जेमतेम दोन-अडीच. उथळ बुडाची गलबतंच तिला साजतात. लोहमाळेच्या दुरुस्ती-बेटाची जागा निवडताना सर्वात मोठी भरती असलेलं बेट निवडावं, सर्वात मध्यावरचं नाही.

मालवणला सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. जंजिऱ्याचा नियम इथे पुन्हा तपासून बघता येतो.

रेडी शेवटी, आणि थोडक्यात. लाल माती, लोहखनिज, आणि किनाऱ्याजवळ मोठ्या जहाजापुरतं पाणी नाही. खनिज बार्जमध्ये भरून बाहेर नांगरलेल्या जहाजाला द्यायचं. समजा जहाज सत्तर हजार टनांचं आणि बार्ज दोन हजारांचं, तर ३५ फेऱ्या. प्रत्येक फेरी भरतीला बांधलेली असेल आणि चार बार्ज असतील, तर दिवसाला आठ फेऱ्या, साडेचार दिवस. एक बार्ज बिघडलं की सहा दिवस, आणि तेवढे दिवस जहाजाचं भाडं चालूच.

परतीला सावंतवाडी रोड स्थानकावर गाडीची वाट बघत थोडा वेळ काढावा. कोलाड ते वेर्णा अशी रो-रो मालगाडी कोकण रेल्वेवर १९९९ पासून धावते. भरलेले ट्रक तसेच्या तसे सपाट वाघिणींवर चढवलेले, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये झोपलेले. माल उतरवायचा नाही, चढवायचा नाही. बदल्यात प्रत्येक फेरीला ट्रकचं स्वतःचं सात-आठ टन वजनही ओढत न्यायचं.